पोलिश माणसासाठी इंग्रजीत वाद घालायची फ्लॅशकार्डं: वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

पोलंडमधे इंग्रजी शिकवणाऱ्यांना काही तोटा नाही, क्लास आहेत, ॲप आहेत, पुस्तकांच्या दुकानात अख्खी भिंत भरून परीक्षेची पुस्तकं आहेत. पण एकच विषय धरून, तो पण मतभेद आणि वादाचं इंग्रजी, आणि तो पण फक्त पोलिश बोलणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून, असं काही मी याआधी बघितलं नव्हतं. फ्लॅशकार्डांना इथे फिश्की म्हणतात, शाळेतली पोरं काय नि ऑफिसातले लोक काय, सगळेच वापरतात. हा संच क्राकोमधल्या एका इंग्रजीच्या शिक्षिकेने एकटीने बनवलाय, दुकानात मिळत नाही, तिच्या विद्यार्थ्यांना आणि ओळखीतून येणाऱ्यांनाच विकते, म्हणून नाव इथे टाकत नाही. माझी वहिनी पोलिश आहे, तिने सी-वन ॲडव्हान्स्ड या केंब्रिजच्या वरच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीसाठी हा डबा घेतला, आणि मला पोलिश सुधारायचं होतं म्हणून मी पण तिच्यासोबत बसायला लागले. ती पोलिशवरून इंग्रजीकडे जाते, मी उलटी येते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघून लिहितेय.

आधीच सांगते, मला डबा खूप आवडलाय. तक्रारी आहेत, त्या पुढे लिहिते, एक तर मोठीच आहे. पण मूळ विचार इतका नेमका आहे की बाकीच्या गोष्टी माफ कराव्यात असं वाटतं.

डब्याच्या झाकणावर दोनच शब्द छापलेत, न्ये पोझ्वालाम. म्हणजे 'मी होऊ देणार नाही'. जुन्या पोलिश संसदेत, सेयममधे, एका सदस्याने उभं राहून एवढं म्हटलं तरी अख्खं अधिवेशन गुंडाळावं लागायचं, आधी झालेले ठरावसुद्धा वाया जायचे. १६५२ मधे व्वादिस्वाव शिचिन्स्की नावाच्या सदस्याने अधिवेशन वाढवायला असा विरोध केला आणि तिथून ती प्रथाच पडली, शेवटी ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने ती बंद केली. इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला हे माहीत असतं. झाकणावर हे का छापलं ते डबा उघडल्यावर लगेच कळतं, आतलं पहिलं कार्ड म्हणतं की तुम्हाला नाही म्हणता येतंच, आता ते इंग्रजीत किती जोरात म्हणायचं ते ठरवायला शिका.

आणि हाच सगळ्या संचाचा गाभा आहे, जोर. शब्दाचा अर्थ तर कुठल्याही डिक्शनरीत मिळतो, पण तो शब्द समोरच्याला किती लागेल हे कुठे लिहिलेलं नसतं. साधारण तीनशे कार्डं आहेत आणि प्रत्येकाच्या कडेला रंगाची पट्टी आहे, निळी म्हणजे अगदी हलका विरोध, मग हिरवी, पिवळी, आणि लाल म्हणजे आता संबंध तुटला तरी चालेल. फसवे शब्द, म्हणी, कबुली असे काही गठ्ठे सोडले तर विषयवार किंवा ए-बी-सी-डी लावलेली नाहीत, जोरानुसार लावलीत. हे मला फार पटलं, कारण सी-वन लेव्हलला पोचलेल्या माणसाला शब्द माहीत असतात हो, डिसअग्री माहीत असतं, ऑब्जेक्ट माहीत असतं, डिस्प्यूट पण माहीत असतं, पण सोमवारी सकाळी बॉससमोर यातला कुठला काढायचा हे माहीत नसतं.

एक कार्ड नीट उलगडून दाखवते म्हणजे कळेल. पुढच्या बाजूला अख्खं पोलिश वाक्य आहे, न्ये झ्गाद्झाम शे स तिम, म्हणजे 'मला हे मान्य नाही'. सुटा शब्द कुठल्याच कार्डावर नाही, नेहमी वाक्य. मागच्या बाजूला सगळ्यात वर, बारीक राखाडी अक्षरात आणि वर काट मारून, 'आय ॲम नॉट ॲग्री', कारण ही चूक इथे फार होते. त्याच्या खाली तीन वाक्यं, प्रत्येकाला आपापल्या रंगाचा ठिपका. निळ्याला 'आय सी इट अ बिट डिफरंटली', हिरव्याला 'आयम नॉट शुअर आय ॲग्री विथ दॅट', पिवळ्याला 'आयम अफ्रेड आय डिसअग्री'. आणि तळाला पोलिशमधे दोन ओळी, की तुमचं पोलिश वाक्य तुमच्या कानाला हिरवं वाटतं, पण त्याचं शब्दशः इंग्रजी इंग्रजांच्या कानाला पिवळ्याच्या पुढचं वाटतं. बस एवढंच, पण मला वाटतं अख्ख्या कोर्सचं सार त्या दोन ओळीत आहे.

आता हे असं का होतं त्याचं एक कार्ड आहे, जरा मोठं, घडीचं. पोलिशमधे समोरच्याला पान किंवा पानी म्हणतात, पुरुषाला पान, बाईला पानी, आणि क्रियापद तृतीय पुरुषात. 'पान न्ये मा रात्सी' म्हणजे साधारण 'साहेबांचं बरोबर नाही'. मान त्या 'पान'मधेच देऊन झालेला असतो, त्यामुळे पुढचं वाक्य सरळ टाकलं तरी कोणाला उद्धट वाटत नाही. आपल्याला हे समजायला सोपं जातं कारण 'अहो, तसं नाहीये ते, चुकताय तुम्ही' यात तो अहो आणि तुम्ही बरंच काम करून जातात. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच यू. मग मान ठेवायचा कुठे, तर कुड, माइट, क्वाइट, आयम अफ्रेड, परहॅप्स, अशा बारीकसारीक शब्दांत. पोलिश माणसाला हे शब्द भरताड वाटतात, वहिनी पण सुरुवातीला म्हणायची की एवढं गोल गोल का बोलायचं, मुद्दा सांगा ना. मूळच्या पोलिश आणि नंतर ऑस्ट्रेलियात काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ आना व्येझ्बित्स्का यांनी १९८५ मधे पोलिश आणि इंग्रजीतल्या बोलण्याच्या रीतींची तुलना करणारा एक गाजलेला लेख लिहिला होता, त्यांचं म्हणणं असं की पोलिशमधे आपलं मत सरळ आणि ठासून सांगणं अजिबात वावगं नाही, आणि इंग्रजीच्या रीती म्हणजे जगातल्या सगळ्यांच्या सभ्यतेचं माप नव्हे. संचातलं हे कार्ड त्याच वाटेने जातं. कुठेही पोलिश लोकांना 'तुम्ही रुक्ष आहात' असं सुनावलेलं नाही. तुमची रीत तुमच्या भाषेत बरोबर आहे, इंग्रजीतली रीत वेगळी आहे, ती शिकून घ्या, असा सूर आहे, आणि हा मान राखल्याबद्दल मला त्या शिक्षिकेचं मनापासून कौतुक वाटतं. कारण इथे येणारे बरेच ट्रेनर पोलिश लोकांना लहान मुलासारखं समजावतात.

याचा खराखुरा उपयोग मी डोळ्यांनी बघितलाय. मी ज्या ऑफिसात आहे तिथे हिशोबाचं काम लंडनच्या एका क्लायंटसाठी चालतं. टीममधली एक मुलगी, कामात अतिशय पक्की, कॉलवर समोरच्या मॅनेजरला म्हणाली, 'यू आर नॉट राइट, धिस नंबर इज राँग.' आकडा खरंच चुकलेला होता, तिचंच बरोबर होतं. पण पलीकडे एकदम शांतता, मग 'ओके, लेट्स टेक दॅट ऑफलाइन', आणि संध्याकाळी आमच्या मॅनेजरला मेल की टीमचा ॲटिट्यूड जरा बघा. तिला बिचारीला कळेचना काय झालं, पोलिशमधे ते वाक्य रोजचं आहे. नंतर वहिनीचा डबा मी तिला काही दिवस दिला. पुढच्या वेळी तसाच घोळ निघाला तेव्हा ती म्हणाली, 'आय थिंक वी माइट बी लुकिंग ॲट डिफरंट व्हर्जन्स, कुड यू चेक रो ट्वेल्व्ह?' पलीकडच्याने बघितलं, सॉरी म्हणाला, दोन मिनिटांत विषय संपला. मुद्दा तोच, आकडा तोच, तिने माघार तर अजिबात घेतली नाही.

मधला भाग फसव्या शब्दांचा आहे आणि तो पण भरपूर भारी आहे, कारण नेहमीच्या याद्यांमधून उचललेला नाही, फक्त वादात अडकवणारे शब्द घेतलेत. सगळ्यात आधी खुद्द आर्ग्युमेंट. पोलिशमधे अर्गुमेंत म्हणजे मुद्दा, युक्तिवाद, आणि तेवढंच. भांडणाला वेगळा शब्द आहे, क्वुत्न्या. इंग्रजीत मात्र आर्ग्युमेंट म्हणजे मुद्दा पण आणि भांडण पण, त्यामुळे 'आय हॅड ॲन आर्ग्युमेंट विथ माय बॉस' म्हणून सांगणारा पोलिश माणूस 'मी बॉसपुढे मुद्दा मांडला' असं सांगत असतो आणि ऐकणारा समजतो जोरदार वाजलं. मग ॲक्च्युअली. पोलिश अक्तुआल्न्ये म्हणजे सध्या. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला ॲक्च्युअली टाकलं की समोरच्याची चूक दुरुस्त केल्यासारखं होतं, आणि इथले लोक अगदी साध्या मनाने 'ॲक्च्युअली वी यूज द ओल्ड सिस्टिम' म्हणतात, त्यांना फक्त 'सध्या आम्ही जुनीच वापरतो' एवढंच म्हणायचं असतं. पण मला सगळ्यात धोक्याचा वाटला तो इव्हेंच्युअली. एवेंतुआल्न्ये म्हणजे 'झालंच तर', 'वाटल्यास', आणि इंग्रजी इव्हेंच्युअली म्हणजे 'शेवटी होणारच'. वाटाघाटीत कोणी म्हणालं की 'वी कॅन इव्हेंच्युअली लोअर द प्राइस', त्याला म्हणायचंय बघू, जमलं तर, आणि गिऱ्हाईक लिहून घेतं की किंमत उतरणार. कार्डावर हेच उदाहरण आहे आणि त्याला लाल ठिपका दिलाय, योग्यच दिलाय.

अवांतुरा पण आहे, म्हणजे मोठा तमाशा, आरडाओरडा, ॲडव्हेंचरचा काही संबंध नाही. प्रेतेंस्या म्हणजे मनात धरलेली तक्रार, राग, प्रिटेन्शनशी त्याचं काही देणंघेणं नाही. 'यू हॅव राइट' हे माश रात्स्ये, म्हणजे 'तुझं बरोबर आहे', याचं थेट भाषांतर, त्याला पण काट. आणि छोटासा 'नो', हा इंग्रजी माणसाला चक्रावतो कारण पोलिशमधे बोलताना नो म्हणजे हो, हां, बरोबर. पोलिश माणूस फोनवर 'नो, नो, नो' करत मान डोलावत असतो तेव्हा तो सगळं कबूल करत असतो. सवयीने इंग्रजी बोलताना पण तो नो निसटतो, आणि मग काय गोंधळ होतो ते वेगळं सांगायला नको.

म्हणींचा गठ्ठा मला माझ्या बाजूने, म्हणजे पोलिश शिकायला, सगळ्यात जास्त कामाला आला. काही दोन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत, बोन ऑफ कन्टेन्शन, भांडणाचं मूळ, म्हणजे कोश्च न्येझ्गोदी, दोन्हीकडे हाडच, डेव्हिल्स ॲडव्होकेट पण जसाच्या तसा. स्प्लिटिंग हेअर्सला पोलिशमधे केसाचे चार तुकडे करतात, जेलिच व्वोस ना च्वोरो. आणि मग मांजरं. ॲट लॉगरहेड्स असणं, कोणाशी सतत वाजत असणं, म्हणजे द्झेच स किम्श कोती, शब्दशः कोणाबरोबर तरी मांजरं फाडणं, आणि मुद्दा फिरवून उलटंच सांगणं म्हणजे ओद्व्रात्साच कोता ओगोनेम, मांजराला शेपटीकडून फिरवणं. याला इंग्रजी बाजूला 'ट्विस्टिंग समवन्स वर्ड्स' आणि 'टर्निंग द आर्ग्युमेंट अराउंड' असं दिलंय. उगाच खुसपटं काढणाऱ्याला 'धडधाकट वस्तूत भोक शोधतोय' म्हणतात, इंग्रजीत निटपिकिंग. हा सगळा गठ्ठा वाचायला मजा येते, पण सी-टूची, म्हणजे सी-वनच्याही वरच्या पातळीची, हौस म्हणून त्यात 'ॲट डॅगर्स ड्रॉन'सारखे जुनाट प्रयोग पण कोंबलेत, जे आता बोलताना कोणी वापरत नाही, वाचनात भेटले तर भेटले. त्यावर 'फक्त ओळखण्यापुरतं' अशी खूण तरी हवी होती.

माझ्या मते सगळ्यात दर्जेदार भाग मात्र शेवटचा आहे, कबूल करण्याचा. वाद घालायला शिकवताना लोक हल्ला शिकवतात, कबुली कोणी शिकवत नाही. इथे त्याचा जाडजूड गठ्ठा आहे. 'फेअर पॉइंट', 'पॉइंट टेकन', 'आय टेक युअर पॉइंट, बट', 'ग्रँटेड', 'आयल गिव्ह यू दॅट', 'टू बी फेअर', 'बी दॅट ॲज इट मे', 'लेट्स ॲग्री टू डिसअग्री'. आणि प्रत्येकाच्या मागे लिहिलंय की या वाक्यानंतर समोरच्याला काय अपेक्षा असते. उदाहरणार्थ 'आय टेक युअर पॉइंट' म्हटलं आणि थांबलात तर तुम्ही हरलात असं समजतात, म्हणजे पुढे 'बट' यायलाच हवा. 'ॲग्री टू डिसअग्री' म्हणजे विषय बंद, त्यानंतर परत तोच मुद्दा काढला तर वाईट दिसतं. कन्सीड हे क्रियापद सोडवून सांगितलंय, की मुद्दा सोडून दिला म्हणजे वाद सोडला असं नाही, एखादा छोटा मुद्दा कन्सीड करून मोठा राखता येतो. वहिनीला याचा परीक्षेत फार उपयोग होणार आहे, कारण सी-वन ॲडव्हान्स्डच्या तोंडी परीक्षेत सहसा दोन उमेदवार एकत्र बसतात, साधारण १५ मिनिटं, आणि त्यात एक भाग असा असतो की दोघांनी आपसात चर्चा करून काहीतरी ठरवायचं. तिथे एकमेकांशी संवाद कसा साधता याला वेगळे गुण असतात. जोडीदाराला गप्प करून जिंकलात तर गुण जातात, आणि सगळ्याला हो हो करत बसलात तरी जातात.

रिफ्यूट, रिबट आणि डिनाय यांचं एकत्र कार्ड आहे, ते पण मन लावून केलंय. डिनाय म्हणजे नुसतं नाही म्हणणं, रिबट म्हणजे उलट मुद्दे देऊन उत्तर देणं, रिफ्यूट म्हणजे खोटं आहे हे सिद्ध करून दाखवणं. शिवाय खाली टीप आहे की बातम्यांमधे रिफ्यूट सर्रास डिनायच्या अर्थाने वापरतात आणि काटेकोर लोकांना ते खटकतं, म्हणजे तुम्ही लिहिताना सांभाळून. अशी टीप देणारं माणूस भाषा रोज वापरणारं असतं, लगेच कळतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी, आवाज. प्रत्येक कार्डावर क्यूआर कोड आहे, स्कॅन केला की उच्चार ऐकू येतो, पण सगळं एकाच संथ, सपाट सुरात वाचलंय, बातम्या वाचल्यासारखं. अहो मतभेदात तर अर्धा अर्थ सुरात असतो! 'रिअली' चढत्या सुरात म्हटलं तर उत्सुकता, उतरत्या सुरात म्हटलं तर अविश्वास. 'आय सपोज सो' ओढून म्हटलं की नाराजीने दिलेली कबुली. 'विथ रिस्पेक्ट' कसं म्हणतात त्यावर ते निळं आहे की लाल ते ठरतं. कडेला रंग दिलेत आणि आवाजात रंगच नाहीत, हे फार खटकतं. शिवाय आघात. पोलिशमधे बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर येतो, त्यामुळे इथली माणसं आर्ग्युमेंट आणि कॉम्प्रोमाइझ म्हणताना जोर मधे टाकतात, इंग्रजीत दोन्ही शब्दांत तो पहिल्या अक्षरावर आहे. वादाचा संच आणि नेमके हेच दोन शब्द कसे उच्चारायचे यावर एक ओळ नाही. भांडण या अर्थाचा रो शब्द 'काउ'च्या यमकात म्हणतात आणि ओळ या अर्थाचा 'गो'च्या, हे मात्र दिलंय, म्हणजे उच्चाराकडे अगदीच दुर्लक्ष झालंय असंही नाही.

दुसरी तक्रार, ब्रिटिश आणि अमेरिकन. मूट पॉइंटचं कार्ड चांगलं आहे, की ब्रिटनमधे त्याचा अर्थ 'यावर वाद होऊ शकतो' असा आणि अमेरिकेत बहुतेक वेळा 'आता याला काही अर्थ उरला नाही' असा. पण मग टेबल कसं विसरली? मीटिंगमधे एखादा मुद्दा टेबल करणं म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला घेणं आणि अमेरिकनमधे बाजूला ठेवणं, बरोबर उलटं. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहिलंय की या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत लांबलचक वाद झाला, आणि मग लक्षात आलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती. वादाच्या शब्दांच्या संचात हे कार्ड असायलाच हवं होतं, विशेषतः इथे जिथे एकाच ऑफिसात सकाळी लंडन आणि दुपारी न्यूयॉर्क असतं.

तिसरी, ऐकण्याची बाजू फार तोकडी आहे. नाही कसं म्हणायचं हे छान शिकवलंय, पण समोरचा आपल्याला नाही म्हणतोय हे ओळखायचं कसं? 'दॅट्स ॲन इंटरेस्टिंग आयडिया', 'आयल बेअर इट इन माइंड', 'आय हिअर व्हॉट यू आर सेइंग', यात बऱ्याचदा नकार लपलेला असतो, आणि ज्याच्या भाषेत लोक सरळ बोलतात तो हे खरं धरून आनंदात घरी जातो. थोडी कार्डं आहेत पण अजून बरीच हवीत. तसंच 'आय डोन्ट डिसअग्री' किंवा 'नॉट एंटायरली अनरीझनेबल' असे दोन नकारांचे प्रयोग. पोलिशमधे एका वाक्यात दोन-तीन नकार आले तरी अर्थ नकारच राहतो, इंग्रजीत दोन नकार एकमेकांना खातात आणि वर एक थंडपणा सोडून जातात, 'नॉट अनरीझनेबल' म्हणजे रीझनेबल नव्हे, 'ठीक आहे, पण मला काही फार पटलं नाही'. याला दोनच कार्डं देणं म्हणजे फारच कमी.

लेखी भाग छोटा आहे पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. इथली मुलं बारावीच्या तोडीची मतुरा देतात, त्यात इंग्रजीच्या वरच्या पातळीला लेखन असतं आणि रोझप्राफ्का म्हणजे बाजू मांडणारा निबंध हा त्यातला नेहमीचा प्रकार, त्यामुळे 'ऑन द वन हँड, ऑन द अदर हँड' सगळ्यांना तोंडपाठ असतं. अडतं ते बोलताना, कारण मीटिंगमधे कोणी फर्स्टली, सेकंडली करत बोललं की ते निबंध वाचल्यासारखं वाटतं. संचात त्यावर एक चांगलं कार्ड आहे, कुठले जोडशब्द फक्त कागदावर ठेवायचे याचं.

कोणी घ्यावा? पोलिश माणसाचं इंग्रजी किमान पक्कं बी-टू, म्हणजे सी-वनच्या एक पायरी खाली, असेल तर डोळे झाकून. त्याखाली नको, कारण सगळी मजा छटांची आहे आणि छटा कळायला आधी वाक्य सहज कळायला हवं. पोलंडमधे राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना, ज्यांचं पोलिश बऱ्यापैकी झालंय, त्यांना पण घ्या म्हणेन, कारण पुढच्या बाजूची पोलिश वाक्यं अगदी बोलण्यातली आहेत, मोइम झ्दान्येम (माझ्या मते), ब्झ्दुरा (बकवास), नो व्वाश्न्ये (हेच तर), आणि पोलेमिझोव्हावाबिम, म्हणजे 'यावर मी जरा वाद घालेन', हे तर मला आता इतकं आवडतं की घरात सारखं वापरते. ज्यांना पोलिश अजिबात येत नाही त्यांना अर्धा डबा बंदच राहील.

वहिनीने ११९ झ्लॉटी दिले. इतक्या जाड कागदाच्या, हाताने लावलेल्या संचाला ही किंमत जास्त नाही, आवाज सुधारला तर अजून द्यायला पण हरकत नाही. पाच पैकी चार देते, तो एक पूर्ण आवाजाचा कापलाय. शिक्षिकेला आम्ही सुराचं आणि टेबलचं कळवलंय, तिने दोन्ही लिहून घेतलं.

वापरायला लागाल तर एक सांगते, गठ्ठे आहेत त्या क्रमाने जाऊ नका. आधी शेवटचा कबुलीचा गठ्ठा करा, मग निळी आणि हिरवी, फसवे शब्द मधेमधे, आणि लाल अगदी शेवटी. दोघांनी मिळून करा, एकाने पोलिश वाक्य वाचायचं, दुसऱ्याने आधी रंग सांगायचा आणि मगच इंग्रजी. नुसतं पाठ केलं तर ऐनवेळी हमखास पिवळं तोंडात येतं, रंग आधी सांगायची सवय लागली की येत नाही.